धरलेली बाही

गेल्या आठवड्यात बाजार समितीच्या रस्त्यानं रिक्षातून येत होते आणि एकदम शिंक आली. तिच्यामागून दुसरी. रिक्षावाला आरशात बघून हसला, "लागली का ताई मिरची?" आमच्या दोंडाईच्यात हिवाळा अंगाला कळायच्या आधी नाकाला कळतो. लाल मिरचीच्या गाड्या येऊ लागतात, गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर, पथाऱ्यांवर, मिरची वाळायला पसरतात, आणि वारा ज्या अंगाला वाहील त्या अंगाच्या घरांत माणसं डोळे पुसत बोलतात. पाहुणे वैतागतात. आम्हाला मात्र मिरची उशिरा आली तर एखादा सण हुकल्यासारखं वाटतं.

या वासानं मला ठेचा आठवायला हवा. आठवतं ते भलतंच. जाड पांढऱ्या कपड्याची बाही, घामानं ओली, माझ्या मुठीत आवळलेली, आणि बाजूनं एक आवाज, "सोडू नका ताई... अजून नाही... हां, आता!"

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मी ज्युदोतली एक फेक शिकले. चाळिशी उलटलेली, उजवा गुडघा कुरकुरणारा, नोकरी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. हर्षालीचे पप्पा सुरतेच्या कापड मार्केटात. सुट्टी मिळेल तसे यायचे. घरात मी आणि हर्षाली. ती अकरावीत होती. तिच्या खोलीचं दार बहुतेक वेळा लागलेलं असायचं, आणि दार उघडं असलं तरी ती स्वतः बंदच असायची. जेवलीस का? हं. पेपर कसा गेला? बरा. आई म्हणून माझ्या वाट्याला तेवढे दोनच शब्द उरले होते.

ज्युदोबद्दल मात्र ती बोलायची. माझ्याशी नाही, फोनवर मैत्रिणींशी. मी भाजी निवडता निवडता ऐकायची. कांतीलालशेठच्या मिरचीच्या गोदामावर एक लांबरुंद खोली होती. शेठची नात ज्युदो शिकायला लागली तेव्हा त्यांनी ती खोली मुलींना वापरायला दिली. खाली पोत्यांची थप्पी, वर निळ्या-पिवळ्या मॅट. सराव सुरू झाला की वीस मिनिटांत सगळ्या शिंकायला लागायच्या. फेकणारी शिंकायची, पडणारी शिंकायची आणि शिट्टी फुंकणाऱ्या सुमन मॅडमही शिंकायच्या.

सुमन मॅडम शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातल्या. आईवडील पावसाच्या भरवशावरची शेती करायचे. आश्रमशाळेत त्यांना ज्युदो भेटला आणि त्यानंच त्यांना डोंगर उतरवून थेट दिल्लीपर्यंत नेलं. बुटक्या, काटक, बोलणं तुटक. त्यांचा एक नियम होता: पहिला महिना फेकायचं नाही, फक्त पडायचं. "पडायची भीती गेली की निम्मं काम झालं," म्हणायच्या. मुली धडाधड पडायच्या, तळहातानं मॅटवर थाप मारायच्या, आणि खाली हमाल वर बघायचे.

मी रविवारी हर्षालीला डबा द्यायला जायची आणि कोपऱ्यात बसून राहायची. त्या वर्षी जळगावला मोठी स्पर्धा होती, तिथून पुढं राज्यासाठी निवड. हर्षाली तिच्या गटात सगळ्यांत बुटकी. समोरच्या मुली उंच, त्यांचे हात लांब. मॅडमनी तिच्यासाठी एकच फेक निवडली. समोरच्या मुलीची बाही धरायची, गर्रकन वळून तिच्या छातीखाली शिरायचं, तिला पाठीवर घ्यायचं आणि खांद्यावरून पुढं टाकायचं. जपानी नाव मला कधी नीट घेता आलं नाही. एकदा कांतीलालशेठ जिना चढून आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, ये तो आपली धोबीपछाड! आमच्या लहानपणी यात्रेत पैलवान हीच मारायचे." मॅडम हसल्या. "तीच, शेठजी. फक्त धोब्यानं कपडा बदललाय."

हर्षालीसाठी त्यांनी ती आणखी बदलली. उंच मुलीच्या खाली शिरायला तिला उभं राहून जमेना, म्हणून वळतानाच दोन्ही गुडघ्यांवर खाली बसायचं. समोरचीच्या पायाखालची जमीन गेल्यासारखी ती वरून घरंगळत यायची. मॅटवर ते इतकं सुंदर दिसायचं की मी डबा हातात धरून तशीच राहायची.

एका रविवारी मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. "ताई, तुम्ही नरडाण्याला जाता ना? स्टेशन ते कारखाना कशा जाता?"

"सकाळी रिक्षा मिळते. संध्याकाळी कधी मिळते, कधी नाही. मग भिंतीकडेच्या पायवाटेनं चालत."

"एकट्या?"

"कधी कधी."

"उद्यापासून तुम्हीही या."

मला हसू आलं. हर्षाली लांबून म्हणाली, "मॅडम, मम्मीचा गुडघा दुखतो." ती माझ्याबद्दल काही बोलली, यालाच मी भुलले. होय म्हणून बसले.

पहिल्या दिवशी मी हर्षालीचा जुना ट्रॅकसूट घालून गेले. मॅडमनी परत पाठवलं. "कामावर जे घालता तेच घालून या. ओढणी, पर्स, चप्पल, सगळं." म्हणून त्या पांढऱ्याशुभ्र मुलींच्या घोळक्यात मी एकटी पंजाबी ड्रेसात, खांद्याला पर्स लटकवून उभी राहायची. ओढणीवर पहिला धडा झाला. मी ती थंडीची म्हणून गळ्याभोवती गुंडाळायची. मॅडमनी मागून नुसतं एक टोक धरलं आणि मला कळलं. तेव्हापासून माझी ओढणी एका खांद्यावर असते, सुटी.

मला वाटलं होतं, लेकीची फेकच मला शिकवतील. पण हळूहळू ध्यानात आलं की आमच्या दोघींच्या फेकीत फक्त सुरुवात सारखी होती. रस्त्यावर गुडघ्यावर बसता येत नाही. खाली खडी असते. रस्त्यावरच्या माणसाच्या अंगात जाड जॅकेट नसतं. शर्ट धरला तर फाटतो, म्हणून कोपराच्या वर दंडच कवटाळायचा. पूर्ण वळायचं नाही, अर्धंच. कंबर त्याच्या पोटात मारायची, त्याचा तोल पुढं आला की संपलं.

"मग फेकायचं कधी?" मी विचारलं.

"फेकायचंच नाही. त्याला फेकायला गेलात तर तुम्हीही वाकणार. तो पडता पडता केस धरणार, दोघं खाली, आणि खाली वजन ज्याचं जास्त त्याचं राज्य. तोल काढायचा, सोडायचं, पळायचं. अन् ओरडायचं."

"आणि हर्षाली?"

"तिनं सोडायचं नाही. शेवटपर्यंत बाही धरून ठेवायची. समोरची मुलगी डोक्यावर पडू नये म्हणून. ती काही शत्रू नाही तिची."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं आणि पुढच्या मुलीकडं वळल्या. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच वाक्यापाशी होते. वळणं तेच, वाकणं तेच. एका जागी धरून ठेवणं म्हणजे काळजी, आणि दुसऱ्या जागी सोडून देणं म्हणजे काळजी. आपण घरात हे दोन्ही किती वेळा उलटंसुलटं करतो! जिथं हात द्यायचा तिथं काढून घेतो, आणि जिथं सोडायचं तिथं धरून बसतो.

घरीही सराव करायचा होता. हॉलमध्ये गोधड्या अंथरल्या, वर आमच्या लग्नातली जुनी गादी. हर्षाली मागून मला धरायची. पहिले काही दिवस आम्ही दोघी अवघडलेल्या. किती दिवसांत तिनं मला मिठी मारली नव्हती. आता मारायची ती गळा आवळायला. एकदा मी वळले, वाकले, आणि ती सबंध माझ्या पाठीवर आली. पाय अधांतरी, हनुवटी माझ्या खांद्यावर. मॅडमनी सांगितलेलं सोडायचं मी विसरले आणि तशीच उभी राहिले. लहानपणी ती अशीच पाठीवर बसून दुकानात यायची, वाटेत झोपून जायची. तेव्हा पायलीभर ज्वारीएवढी होती. आता पाठीवर पेलवत नव्हती.

"मम्मी, सोड ना. मेलीस तू एवढ्या वेळात."

"थांब गं जरा."

ती थांबली. मग हसू लागली आणि दोघी गादीवर कोसळलो. त्या दिवसापासून संध्याकाळी हर्षालीच्या खोलीचं दार उघडं राहायला लागलं. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की लाजून पुन्हा आत जातात.

मिरची आता पथाऱ्यांवर वाळून काळपट लाल झाली होती. सकाळच्या गाडीत बायका शाली गुंडाळून बसायच्या, कुणाच्या डब्यात भरलेल्या वांग्यांचा वास, कुणाच्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे. खिडकीबाहेर कापसाच्या वेचणीला चाललेल्या बायांच्या रांगा. मला तो प्रवास फार आवडायचा. नोकरी म्हणजे तरी काय, सबंध दिवसातली ती सकाळची गाडी माझी होती.

ते घडलं स्पर्धेच्या महिनाभर आधी. स्टोअरमधला माल मोजायचं काम लांबलं, रिक्षा निघून गेल्या होत्या. सूर्य नुकताच बुडालेला. भिंतीच्या कडेनं वेड्या बाभळी. मागं पावलं वाजली. जो कुणी असेल त्याला पुढं जाऊ द्यावं म्हणून मी बाजूला सरले. तो पुढं गेला नाही. एक हात माझ्या खांद्यावरून गळ्याशी आला.

मला लोक नंतर विचारायचे, तेव्हा काय विचार केलास? मी काहीच विचार केला नव्हता. माझ्या हातांनी त्याचा दंड धरला. कंबर मागं गेली. माझ्या कानाशी त्याचा श्वास हुंकारून फुटला आणि तो माझ्या बाजूनं पुढं आला, खडीवर हातांवर पडला. मी सोडलं. पळाले. ओरडत होते की नाही ते मला आठवत नाही, पण स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं नंतर सांगितलं की आवाज तिथपर्यंत आला होता. एक चप्पल वाटेतच राहिली. फलाटावर पोचले तेव्हा कारखान्यातली लताबाई गाडीची वाट बघत बसली होती. माझ्याकडं पाहून ती उठलीच.

"काय व्हयनं व माय?"

मी सांगितलं. तिनं आपल्या पिशवीतली बाटली माझ्या तोंडाला लावली, ओढणीनं माझा पाय पुसला आणि म्हणाली, "आते एकली नको जात जाऊ. बठ्ठ्या जणी संगेच निंघूत." दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तो माणूस सापडला नाही. पण त्या दिवसापासून कारखान्यातल्या बायका फाटकाशी एकमेकींसाठी थांबायला लागल्या, आणि आम्ही सगळ्या मिळून साहेबांकडं गेलो तेव्हा संध्याकाळी स्टेशनापर्यंत कारखान्याची गाडी सुरू झाली.

घरी मी हर्षालीला थोडक्यात सांगितलं. हात सोडवला, पळाले. तिनं एवढंच विचारलं, "लागलं का?" आणि माझ्या तळपायातला काटा काढत बसली. सुरतेला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोकरी सोडून दे. अन् हर्षालीलाही जळगावला पाठवू नको. बास झालं आता हे."

"अहो, पण..."

"मी येतोय."

ते शनिवारी आले. एरवी आले की पिशवीत मिठाई, सुरतेची घारी असायची, या वेळी हात रिकामे. जेवायला बसलो. हर्षालीचं ताट तसंच. सुमन मॅडमही आल्या, मीच बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरीनं वर्षभर मेहनत घेतलीय. ताई घरी बसल्या असत्या तर त्या सुरक्षित राहिल्या असत्या, खरंय. पण मग रस्ता त्या माणसाचा झाला असता."

पप्पा उठून उभे राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कसं केलंस ते दाखव. माझ्यावर."

मी गोधड्या अंथरल्या. ते माझ्या मागं उभे राहिले. त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला, जसा फोटोत ठेवतात तसा.

"असं नाही पप्पा," हर्षाली म्हणाली. "गळ्याशी. जोरात आवळा."

त्यांनी हात गळ्याशी आणला. मी वाट बघत होते. जोर येईना.

"आवळा ना."

"माझ्याच्यानं नाही होत," ते म्हणाले आणि हात खाली घेतला. गादीच्या काठावर बसले, दोन्ही तळव्यांत तोंड घातलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला रडताना मी पाहिलं नव्हतं. हर्षाली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मॅडम उठून स्वयंपाकघरात पाणी आणायला गेल्या, आणि ते आणायला त्यांनी मुद्दाम फार वेळ लावला.

मग तोंड पुसून ते म्हणाले, "जळगावला मीपण येतो."

जळगावचा तो हॉल मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. उंच छत, शिट्ट्यांचा गोंगाट, बाकांवर केळी खात बसलेल्या मुली. मी आणि हर्षालीचे पप्पा वरच्या बाकावर. पहिली लढत तिनं सहज जिंकली. पुढची फैजपूरच्या एका मुलीशी. तिच्याहून वीतभर उंच, शांत डोळ्यांची. बराच वेळ दोघी एकमेकींची बाही पकडत, सोडवत राहिल्या. आणि एका क्षणी हर्षाली गर्रकन वळली, गुडघ्यांवर बसली, ती मुलगी तिच्या पाठीवरून निघाली.

पण त्या मुलीचा पाय हर्षालीच्या पायात अडकला होता. पाठीवर पडायची ती डोकं खाली घेऊन येत होती. हे मला कळायच्या आत मॅटच्या कडेला बसलेल्या मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. हर्षालीनं फेक अर्ध्यात रोखली. तिनं बाही वर खेचली, सगळं अंग मागं टाकून खेचली, आणि ती मुलगी कुशीवर पडली. पंचांनी अर्धाच गुण दिला. हर्षाली तिच्याकडं बघत राहिली, लागलं का म्हणून. तेवढ्यात त्या मुलीनं तिला गळ्याखालून हात घालून जमिनीला दाबलं. हर्षालीनं पाय झाडले, कंबर उचलून पाहिली. ठरलेल्या सेकंदांत सुटली नाही. हरली.

ती खाली मान घालून आली तेव्हा मॅडमनी तिचा पट्टा सरळ केला. "धरून ठेवलंस ते बरोबर. मान मोडली असती तिची. नंतर बघत बसलीस ते चूक. पंच थांब म्हणेपर्यंत लढत चालू असते." एवढंच. खोटं कौतुक नाही, रागही नाही. फैजपूरची मुलगी पुढची लढतही जिंकली आणि राज्याला गेली. जायच्या आधी हर्षालीच्या हातात दोन केळी ठेवून गेली. हर्षालीनं एक पप्पांना दिलं.

आता हर्षाली धुळ्याला शिकते, शारीरिक शिक्षणाचा अभ्यास. राज्याला ती पुढच्या वर्षी गेली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली; त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. सुट्टीत येते तेव्हा गोदामावर जाते, लहान मुलींना पडायला शिकवते. सुमन मॅडम अजून शिंकतात. माझा गुडघा आता जिनाही चढू देत नाही, त्यामुळं मी खालीच पोत्यांजवळ बसते आणि वर थापा ऐकते. पण हिवाळा म्हटलं की मला जळगावहून परतीचा तो प्रवासच आधी आठवतो.

गाडीत गर्दी नव्हती. अमळनेर गेलं, बाहेर अंधारू लागलं. हर्षालीचे पप्पा समोरच्या बाकावर डोळे मिटून टेकले होते. हर्षाली खिडकीशी. नरडाणा आलं, गाडी थांबली. फलाटावर तोच चहावाला, तेच दिवे, पलीकडं काळोखात भिंत आणि बाभळी. आम्ही दोघींनी एकदमच तिकडं पाहिलं. इतक्या दिवसांत तिनं त्याबद्दल परत विचारलं नव्हतं.

"मम्मी, त्याला सोडल्यावर तू मागं वळून पाहिलंस?"

"नाही."

"मी पाहिलं असतं." मग, "म्हणूनच हरले ना मी?"

"ती वेगळी गोष्ट. तुझ्यासमोर माणूस होतं."

गाडी हलली. ती अजून बाहेर बघत होती.

"तुला भीती वाटली होती?"

सगळ्यांना सांगताना मी ती गोष्ट हसत सांगायला शिकले होते. चप्पल कशी राहिली, चहावाला कसा धावत आला. तिला तसं सांगवेना.

"अजून वाटते," मी म्हणाले. "रोज. गाडीत बसून फाटकाबाहेर पडताना, सगळ्या जणी सोबत असतानाही वाटते."

"मग जातेस कशी?"

"घाबरत घाबरत जाते."

ती हळूच म्हणाली, "मीपण. मॅटवर पाय ठेवताना दर वेळी वाटतं, परत फिरावं. तुला कधी सांगितलं नाही."

मी तिचा हात हातात घेतला. त्या हाताला फोड आले होते, बाही धरून धरून. समोरच्या बाकावरून, डोळे न उघडता, हर्षालीचे पप्पा म्हणाले, "अन् मी तिकडं सुरतेत बसून घाबरतो."